कृष्णेला न लागलेली आगबोट

कृष्णेला आगबोट कधी लागली नाही. वाईच्या ढोल्या गणपतीपुढच्या घाटाला नाही, संगम माहुलीला नाही, कऱ्हाडला कोयना समोरून येऊन भिडते तिथे नाही, आणि सांगलीत तर नाहीच. आमच्याकडच्या माणसाने आगबोट पाहिली ती कुंभार्ली घाट उतरून चिपळूणच्या खाडीत, नाहीतर मुंबईत भाऊच्या धक्क्यावर. तेव्हा नदीतल्या आगबोटी रंगवणाऱ्या चित्रकारांवर सांगलीत बसून लिहायचे म्हणजे माणदेशात बसून भातशेतीवर लिहिण्यासारखे आहे, हे आधीच कबूल करतो.

निमित्त एका जुन्या दिनदर्शिकेचे. साताऱ्यात माझे एक स्नेही आहेत. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांच्या खोलीत परदेशातून कोणीतरी आणलेल्या दिनदर्शिकेचे एक पान चौकटीत लावलेले आहे. रात्रीची नदी, ढगाआडचा चंद्र, धक्क्याला लागलेल्या पांढऱ्या दुमजली बोटी, प्रत्येकीवर उंच जोडधुराडी, आणि ओल्या फरसबंदीवर कंदिलांचा पिवळा उजेड. चित्रकार जॉन स्टोबार्ट. मास्तर म्हणाले, "बघा, कसं समोर बसून काढलंय."

समोर बसून काढलेले नव्हते. स्टोबार्ट १९२९ साली इंग्लंडात जन्मला आणि २०२३ साली अमेरिकेत वारला. त्याने रंगवलेल्या मिसिसिपी आणि ओहायो नद्यांवरच्या त्या बोटी त्याच्या जन्माआधीच कधी जळून, कधी फुटून, कधी भंगारात जाऊन संपल्या होत्या. हे सांगितल्यावर मास्तर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे नसलेली बोट काढता येते. मग आपल्या नदीवरच्या नावा का नाही काढल्या कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते पुढे मांडतो.

प्रथम आपल्या नदीचेच पाहू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतेराशे मीटर उंचीवर, सांगली साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे उगमापासून सांगलीपर्यंत कृष्णा जवळजवळ आठशे मीटर उतरते. उरलेले साडेपाचशे मीटर उतरायला तिला बंगालच्या उपसागरापर्यंत हजार किलोमीटरांहून अधिक लांबीची वाट मिळते. वरच्या टप्प्यात तळ काळ्या कातळाचा, पावसाळ्यात पाणी दोन्ही थड्या भरून धावणारे आणि उन्हाळ्यात डोहापुरते उरणारे. अशा नदीत वर्षभर चालणारी बोट घालणे कोणत्याही कंपनीला परवडले नसते. खाली आंध्रात मात्र हीच कृष्णा वेगळी वागते. बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, १८५५ च्या सुमारास बंधारा पुरा झाला आणि त्याच्या कालव्यांतून पिकाच्या पाण्याबरोबर मालाच्या बोटीही चालू लागल्या.

महाराष्ट्राच्या भूमीवर नदीतून आगबोट आणण्याचा मोठा खटाटोप झाला तो गोदावरीवर. नागपूर-वऱ्हाडचा कापूस वर्धा आणि प्राणहिता नद्यांतून गोदावरीत आणि तिथून पूर्व किनाऱ्याला न्यावा, अशी योजना होती. आडवे येणारे खडकांचे टप्पे बंधारे आणि कालवे काढून ओलांडायचे ठरले. आज गडचिरोली जिल्ह्यात असलेले सिरोंचा हे त्या मार्गावरचे महत्त्वाचे ठाणे. कामावर वर्षे गेली, पैसा गेला, तापाने माणसे गेली. तेवढ्यात रेल्वे नागपूरला पोचली. १८७१ मध्ये काम थांबवण्यात आले. सिरोंचाला वाफेचा भोंगा रोज ऐकू यावा असा दिवस उजाडलाच नाही.

आता चित्रकारांकडे वळतो. गंमत अशी की नदीतली आगबोट व्यवसाय म्हणून यशस्वी करणारा माणूस स्वतःच चित्रकार होता. रॉबर्ट फुल्टन हा अमेरिकन तरुण फिलाडेल्फियात हस्तिदंतावर छोटी व्यक्तिचित्रे काढून पोट भरत असे. पुढे लंडनला जाऊन बेंजामिन वेस्ट या नामवंत चित्रकाराच्या हाताखाली तो शिकला. चित्रांत फारसे नाव झाले नाही, म्हणून कालवे, पाणबुडी, यंत्रे असे करत तो बोटींकडे आला. १८०७ साली त्याची बोट हडसन नदीतून न्यूयॉर्कहून ऑल्बनीला, सुमारे २४० किलोमीटर, ३२ तासांत प्रवाहाविरुद्ध गेली. त्याच्या यंत्रांच्या आराखड्यांत छाया-प्रकाश इतका नेटका आहे की कारागिराला ते वाचायला सोपे गेले असणार. चित्रकलेचे शिक्षण वाया जात नाही, हे आमच्या मास्तरांचे आवडते मत. त्यांना हा दाखला मी आनंदाने दिला.

फुल्टननंतर पाच वर्षांनी, १८१२ मध्ये, स्कॉटलंडच्या क्लाइड नदीत हेन्री बेल याची 'कॉमेट' सुरू झाली. लांबी जेमतेम ४३ फूट, यंत्राची ताकद तीन-चार घोड्यांची. तिचे उंच धुराडे हाच तिचा डोलखांब. वारा अनुकूल असला की त्यालाच आडवी काठी बांधून शीड लावत. आगबोट आणि शिडाची बोट यांच्या मधल्या काळाचे इतके स्पष्ट चिन्ह दुसरे सापडायचे नाही.

आणि इथे एक माणूस येतो ज्याचा आपल्या भागाशी लांबून का होईना संबंध आहे. विल्यम डॅनियल. १७६९ चा जन्म. वडील लवकर गेले, काका थॉमस डॅनियलने वाढवले. १७८५ मध्ये काका-पुतणे चीनमार्गे हिंदुस्थानला निघाले तेव्हा विल्यम पंधरा-सोळा वर्षांचा होता. कलकत्त्याची चित्रे काढून पैसे जमवले आणि १७८८ मध्ये ते गंगेतून वर निघाले. वल्ही मारत, शीड लावत, वारा पडला की काठावरून दोर लावून माणसांनी ओढत न्यायच्या त्या नावा. दोघे जवळजवळ तीन वर्षे उत्तरेत फिरले. काठावरचे प्रत्येक मंदिर, घाट, नाव कागदावर उतरवताना ते 'कॅमेरा ऑब्स्क्युरा' वापरत. एका बाजूच्या भिंगातून बाहेरचे दृश्य आतल्या कागदावर पडते आणि चित्रकार त्यावरून रेषा ओढतो, असे ते खोके. १७९३ मध्ये परतीच्या वाटेवर ते मुंबईला आले आणि तिथे त्यांची जेम्स वेल्सशी गाठ पडली.

हा वेल्स म्हणजे सवाई माधवराव पेशव्यांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढणारा स्कॉटिश चित्रकार. पुण्यात त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट हा मराठी कलावंत काम करत होता. ज्या नानांचा वाडा आणि घाट वाईजवळ मेणवलीला कृष्णाकाठी उभा आहे, त्या नानांचा चेहरा आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः वेल्समुळे. वेल्स १७९५ मध्ये इथेच वारला. त्याने काढलेल्या वेरूळच्या चित्रांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये लेण्यांचा चित्रसंग्रह छापला. म्हणजे डॅनियल घाटावर आले नाहीत, पण घाटावरचे बरेच काही त्यांच्या हातातून गेले.

इंग्लंडला परतल्यावर विल्यम हळूहळू समुद्रचित्रकार झाला. १८१४ ते १८२५ या काळात 'ग्रेट ब्रिटनची प्रदक्षिणा' हा त्याचा ३०८ चित्रांचा ग्रंथ निघाला. किनाऱ्याकिनाऱ्याने फिरून काढलेली चित्रे. त्यांतले एक आहे डंबार्टनजवळ क्लाइड नदीत चाललेल्या आगबोटीचे. नदीतल्या आगबोटीला कसलेल्या चित्रकाराने विषय मानल्याची ही फार लवकरची नोंद. 'कॉमेट' सुरू होऊन तेव्हा पाच वर्षेही धड झाली नव्हती.

ही चित्रे ज्या पद्धतीने छापली तिला ॲक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची अगदी बारीक पूड बसवायची आणि पत्रा तापवायचा म्हणजे कण चिकटतात. मग पत्रा तेजाबात बुडवायचा. कणांच्या मधल्या फटींतून तेजाब तांबे खातो आणि पत्र्यावर खरखरीत दाणा उमटतो. जिथे फिके हवे तिथे लवकर लेप लावून तेजाब अडवायचा, जिथे गडद हवे तिथे पुन्हापुन्हा बुडवायचे. छापल्यावर रेघ न दिसता शाईचा पसरट थर दिसतो, जलरंगासारखा. धूर, ढग आणि पाणी यांच्यासाठी याहून सोयीची पद्धत तेव्हा नव्हती. विल्यम हे काम स्वतःच्या हाताने करी.

मला या चित्राचे मोल वेगळ्याच कारणासाठी वाटते. डॅनियल जुन्या गोष्टी जतन करायच्या म्हणून निघाला नव्हता. बोट नवी होती, लोक तिला हसत होते, घाबरत होते, आणि त्याने तिला किल्ल्या-खडकांच्या बरोबरीने चित्रात जागा दिली. गंगेतून दोराने ओढलेल्या नावेत महिने काढलेल्या माणसाला वाऱ्याशिवाय वर जाणारी बोट पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. १८३४ मध्ये त्याच गंगेवर 'लॉर्ड विल्यम बेंटिंक' ही लोखंडी आगबोट आली. तिचे भाग विलायतेहून आणून कलकत्त्याला जोडले होते. देशी नावेला कलकत्त्याहून अलाहाबादला जायला दोन-अडीच महिने लागत, तो प्रवास साधारण तीन आठवड्यांवर आला. उतारू मात्र आगबोटीत बसत नसत. बाष्पक फुटण्याची भीती आणि पाण्याची खोली कमी, म्हणून त्यांच्यासाठी मागे दुसरी सपाट तळाची बोट बांधून ओढत नेत.

पुढे टर्नर आला. त्याच्या १८३९ च्या प्रसिद्ध चित्रात 'टेमेरेर' हे म्हातारे युद्धनौकेचे धूड एक काळपट छोटी आगबोट थेम्स नदीतून भंगाराकडे ओढत नेते. प्रत्यक्षात दोन बोटी होत्या, त्याने एकच ठेवली. चित्र अजोड आहे, पण बोट कशी होती हे शिकायला त्याच्याकडे जाऊ नये. त्याला संध्याकाळ रंगवायची होती.

बोट कशी होती हे शिकायचे तर न्यूयॉर्कच्या जेम्स बार्डकडे जावे लागते. हा टर्नरपुढे अगदी अडाणी वाटेल. जेम्स आणि जॉन हे जुळे भाऊ, जन्म १८१५. दोघांनी १८४० च्या दशकाच्या अखेरपर्यंत मिळून चित्रे काढली, पुढे जेम्स एकटाच काढत राहिला आणि १८९७ मध्ये वारला. हडसन नदीत नवी बोट उतरली की मालक किंवा बांधणारा बार्डला बोलावी. तो बोटीवर जाऊन मापे घेई: खिडक्या किती, खांबांमधले अंतर किती, चाकाच्या पेटीवरची नक्षी कशी. मग मोजून-मापून चित्र काढी. बोट नेहमी डाव्या अंगाने दिसणारी, डावीकडे चाललेली. लाटा रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या. गच्चीवर उंच टोप्या घातलेली ताठ माणसे, सगळी एकाच साच्यातली. झेंडे मात्र झोकात फडकणारे.

चित्रकलेच्या समीक्षकांना यात बरेच दोष दिसतील. पण बोटी बांधणारे म्हणत की बार्डच्या चित्रावरून बोट पुन्हा बांधता येईल. त्याचा मृत्युलेख लिहिला सॅम्युएल वॉर्ड स्टँटन याने. हाही आगबोटींचाच चित्रकार. अमेरिकन आगबोटींवर सचित्र पुस्तक त्याने १८९५ मध्ये काढले. बार्डने चार हजारांच्या आसपास चित्रे काढली असा त्याचा अंदाज होता. शिल्लक आहेत ती त्यातली थोडी. स्टँटन स्वतः १९१२ मध्ये 'टायटॅनिक'वर होता आणि परत आला नाही.

आगबोटीचे चित्र खरे की खोटे हे ओळखायच्या काही खुणा यानिमित्ताने ध्यानात आल्या, त्या वाचकांपुढे ठेवतो. काळा धूर धुराड्यातून येतो आणि पांढरी वाफ वेगळ्या नळीतून. दोन्ही एकाच तोंडातून निघताना दाखवली असतील तर चित्रकाराने बोट पाहिलेली नसण्याची शक्यता मोठी. झेंडा आणि धूर एकाच दिशेला जायला हवेत. चाक कुठे आहे ते पाहावे. हडसनसारख्या खोल, रुंद नदीत चाके दोन्ही कुशींना असत. मिसिसिपीच्या वरच्या उथळ पाण्यात आणि तिच्या उपनद्यांत, जिथे बुडालेले ओंडके तळाशी दबा धरून बसलेले असत, तिथे चाक मागे गेले. पुढे बोटीचे अंग असल्याने त्याला धक्का कमी बसे. तळ सपाट, बोट पाण्यात जेमतेम काही फूट बुडालेली, आणि म्हणून सगळा पसारा वर, मजल्यांवर. धुराडी उंच, कारण आगीला ओढ मिळावी आणि ठिणग्या कापसाच्या गाठींवर पडू नयेत.

तरी ठिणग्या पडतच. बाष्पके फुटत, ओंडक्यांनी तळ चिरत. मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या बोटीचे सरासरी आयुष्य चार-पाच वर्षांचे धरतात. १८६५ च्या एप्रिलमध्ये 'सुलताना' या बोटीची बाष्पके मेंफिसजवळ फुटली, त्यात अकराशेहून अधिक माणसे मेली. म्हणजे ज्या वस्तूचे चित्र काढायचे ती वस्तूच अल्पायुषी. आज काढले नाही तर चार पावसाळ्यांनी काढायला बोट नाही.

आता स्टोबार्ट. त्याला बोट मिळालीच नाही, तरी त्याने काढली. डर्बीच्या कलाशाळेत आणि मग लंडनच्या रॉयल ॲकॅडमीच्या शाळेत तो शिकला. १९५७ मध्ये कॅनडाला गेला. सुरुवातीला तो चालू काळातल्या जहाजांची चित्रे काढून ती जहाज कंपन्यांना विकत असे. पुढे अमेरिकेत त्याला उमजले की इथल्या जुन्या बंदरांची आणि नदीकाठच्या धक्क्यांची विश्वासार्ह रंगीत चित्रे जवळजवळ नाहीतच. मग त्याने एकेक गाव घेतले: सेंट लुई, सिनसिनाटी, पिट्सबर्ग, नॅचेझ. त्या गावाचा जुना नकाशा मिळवायचा, छायाचित्रे मिळवायची, बोटींचे आराखडे मिळवायचे. मग स्वतः त्या काठावर जाऊन उभे राहायचे, कारण बोट गेली, वखारी गेल्या, तरी नदीचे वळण आणि उजेडाची दिशा तीच असते.

तिथे साधनेही तशी होती. सिनसिनाटीच्या धक्क्याची १८४८ मध्ये दोघा छायाचित्रकारांनी नदीपलीकडून घेतलेली आठ डॅगेरोटाइप छायाचित्रे शेजारीशेजारी लावली की सगळा काठ दिसतो. चांदीच्या मुलाम्याच्या त्या पत्र्यांत तपशील इतका बारीक आहे की सूक्ष्मदर्शकाखाली घड्याळाच्या मनोऱ्यावरची वेळ वाचता आली, आणि धक्क्याला कोणकोणत्या बोटी होत्या हे पाहून तारीखही ठरवता आली. अशी एक वस्तू हाताशी असली की चित्रकाराला कल्पनेने भरावी लागणारी जागा फार कमी उरते. स्टोबार्टच्या चित्रांत थोडी अधिक गोडी आहे असे माझे मत आहे. चंद्र फार वेळा ढगाआडून डोकावतो आणि दारिद्र्य, गुलामी, घाण या गोष्टी उजेडाच्या बाहेर राहतात. पण बोट चुकलेली नसते. उतारवयात त्याने तरुण चित्रकारांना उघड्यावर बसून चित्रे काढता यावीत म्हणून शिष्यवृत्त्याही दिल्या.

आपल्याकडे असे का झाले नाही, या प्रश्नाला एक उपप्रश्न आहे. मुंबई इलाख्यात आगबोटीची कमतरता नव्हती. 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईच्याच गोदीत बांधली गेली आणि २० मार्च १८३० ला सुएझकडे निघाली. अर्देसर कर्सेटजी वाडिया याने १८३३ मध्ये 'इंडस' नावाची छोटी आगबोट उतरवली. १८४१ मध्ये तो लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. वाफेची तरफदारी करणारा एक चित्रकारही आपल्या भागातला होता. कॅप्टन रॉबर्ट मेल्व्हिल ग्रिंडले, मुंबईच्या लष्करातला अधिकारी. बोरघाट, दौलताबाद, वेरूळ अशा स्थळांचा त्याचा चित्रसंग्रह १८२६ ते १८३० मध्ये लंडनला निघाला. त्याच्या कच्च्या चित्रांवरून पक्की चित्रे करणाऱ्यांत आपला विल्यम डॅनियलही होता आणि क्लार्क्सन स्टॅनफील्ड हा मोठा समुद्रचित्रकारही. ग्रिंडलेने पुढे हिंदुस्थानशी आगबोटीने दळणवळण सुरू व्हावे म्हणून १८३७ मध्ये पुस्तिका लिहिली. १८२८ मध्ये त्याने काढलेल्या पेढीचीच पुढे ग्रिंडलेज बँक झाली. चित्रकाराच्या नावाने बँक चालली, हे बँकेत खाते असलेल्यांपैकी किती जणांना माहीत होते कोण जाणे.

आणि घाटाखाली, आपल्या पायथ्याशी, खाड्यांतून आगबोटी येतच होत्या. दाभोळला मोठी बोट थांबे, तिथून लहान लाँच भरतीचे पाणी साधून वाशिष्ठीतून गोवळकोटपर्यंत येई. बाणकोटहून सावित्रीत शिरून दासगाव-महाडपर्यंत जाता येई, आणि महाबळेश्वरला हवा खायला जाणारे साहेबलोक ही वाट धरत. रेल्वे पुण्याहून मिरजेकडे आली ती १८८० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधी कऱ्हाड-साताऱ्याचा माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली उतरून या खाड्यांना लागे. आपली आगबोट ती हीच: नदीत शिरलेली, पण सह्याद्रीच्या पलीकडच्या नदीत.

चित्रकारांचीही वाण नव्हती. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांनी रामायणाची चित्रमालिका रंगवली, औंधच्या डोंगरावर १९३८ मध्ये संग्रहालय उघडले. शेजारच्या कोल्हापुरात अबालाल रहिमान पंचगंगेच्या आणि कोटितीर्थाच्या काठी बसून पाण्यावरचा उजेड रंगवत होते, १९३१ मध्ये वारेपर्यंत. धुरंधर कोल्हापूरचेच. पण त्या काळच्या आपल्या चित्रकाराला विषय म्हणून पुराण मिळाले, दरबार मिळाला, स्त्रीचे सौंदर्य मिळाले, घाटावरची सकाळ मिळाली. नाव आली तर त्या सकाळीचा भाग म्हणून, काठाला एक तपकिरी फटकारा. नावेचेच चित्र काढून द्या असे सांगायला आमच्या नावाड्याकडे पैसा नव्हता. बार्डला पैसे देणारे बोटीचे मालक होते. मला तरी फरकाचे मुख्य कारण हेच दिसते.

तोटा काय झाला? कृष्णेवर तीन-चार प्रकारची साधने होती. तरीची मोठी नाव, जीत माणसांबरोबर गुरे आणि बैलगाडीही चढे. वाळक्या भोपळ्यांची सांगड, जिच्यावरून जुन्या काळी फौजाही पार झाल्या. खाली कर्नाटकाकडे वेताची, कातडे मढवलेली गोल टोपली. आणि काहील! गुऱ्हाळावर रस आटवायची ती लोखंडी काहील पाण्यात सोडायची आणि तीत बसून पैलतीर गाठायचा. माझी आजी माहेरी अशीच गेली होती. काहील गोल असल्याने सरळ जात नाही, स्वतःभोवती फिरत जाते. मध्यावर आल्यावर माहेर कुठे आणि सासर कुठे हे कळेनासे होते, असे ती सांगे. जगातल्या कोणत्या समुद्रचित्रकाराला हा विषय मिळाला असता!

१९२९ मध्ये सांगलीत आयर्विन पूल झाला, मग एकेका गावाला पूल होत गेले आणि तर बंद पडत गेली. पूल हवेच होते, त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही. तर उलटून मेलेल्यांची आठवण ज्या घरांत आहे तिथे नावेचे कौतुक कोणी करणार नाही. पण गरज संपली असेही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, जिथे ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. त्या पुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेक जीव गेले. त्यानंतर नाव कुठे ठेवावी, किती माणसे बसवावीत, ती कोणी चालवावी यावर बरीच चर्चा झाली. नाव कशी बांधलेली असावी हे सांगणारे जुने हात मात्र तेव्हा फारसे उरले नव्हते. तीनशे वर्षे या नदीला पुरलेल्या नावेचा एक मोजलेला आराखडा, एक नीट चित्र असते, तर निदान बोलायला काहीतरी समोर असते.

मास्तरांना हे सगळे सांगितले. त्यांनी बार्डची चित्रे पुन्हापुन्हा पाहिली. टर्नर त्यांनी बाजूला ठेवला, "तो आपल्याला झेपायचा नाही" म्हणून. स्टोबार्टचा मार्ग धरायचा तर काय काय लागेल याची यादी आम्ही केली. १८८५ च्या सातारा गॅझेटिअरात कोणत्या गावी तर होती याची नोंद आहे, त्यावरून नकाशा करता येईल. जुन्या घरांत घाटावरच्या लग्नाची, दिंडीची छायाचित्रे असतात, त्यांच्या कोपऱ्यात नाव सापडते. पावसाळ्यात सांगलीला होड्यांच्या शर्यती होतात, त्यांत वल्हे मारणाऱ्यांचा हात, अंगाचा झोक अजून पाहायला मिळतो. बामणोलीहून कोयनेच्या जलाशयात लाँच चालतात. १९६० च्या दशकात धरणाचे पाणी चढले तेव्हापासून तिकडच्या खोऱ्यातल्या लोकांची एसटी तीच. तिचेही चित्र आताच काढलेले बरे, ती नवी आणि साधी वाटते तोवर.

गेल्या माघात आम्ही दोघे हरिपूरच्या संगमापासून वर चालत निघालो होतो. एका मळ्याच्या बांधाला चिंचेखाली एक जुनी नाव पडलेली दिसली. मळेवाल्याने तीत शेणखत भरले होते. मास्तरांनी विचारले, मोजू का? तो म्हणाला, मोजा की, खत तेवढं सांडू नका. मास्तरांनी टेप काढली, मी दुसरे टोक धरले. लांबी, मधली रुंदी, फळ्यांची जाडी, खिळ्यांमधले अंतर, सांध्यांत कोंबलेले काथ्याचे तुकडे, डांबराचे थर. नाळेकडच्या फळीवर कोणीतरी कोरलेले चांदणीसारखे चिन्ह होते, ते त्यांनी कागद धरून पेन्सिलीने घासून उतरवून घेतले. मळेवाला थोडा वेळ पाहत उभा राहिला आणि मग आपणच फावडे घेऊन एका टोकाचे खत बाजूला करू लागला, आतली वळणाची फळी दिसावी म्हणून. वहीत दोन पाने भरली. उजवे अंग मातीत रुतलेले होते, ते राहिले. पावसाआधी एकदा जाऊन ते उकरायचे आहे.